फुकट बोलकी पुस्तकं : स्वयंसेवकांनी वाचलेलं अभिजात आणि विनोदी साहित्य

कानसेन

मागे एका धाग्यावर बोलक्या पुस्तकांचा विषय निघाला होता. बहुतेकांच्या मते ती दर महिन्याला वर्गणी भरून ऐकायची गोष्ट. तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसलो आणि हा वेगळा धागा काढतोय.

स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं जगभरातली साधी माणसं आपापल्या घरी बसून मोठ्यानं वाचतात, ध्वनिमुद्रित करतात आणि सगळ्यांसाठी मोकळी सोडतात. मोबदला नाही, जाहिरात नाही, ऐकण्यासाठी नाव नोंदवावं लागत नाही. मी आठ-नऊ वर्षं ऐकतोय आणि गेली तीन वर्षं स्वतः वाचतोय. विनोदी पुस्तकांवर माझा जास्त जीव, त्यामुळे त्यांच्याकडे झुकलो तर सांभाळून घ्या.

या कामातलं सगळ्यात मोठं नाव लिब्रिव्हॉक्स. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये ते सुरू केलं. जोसेफ कॉनरॅडची 'द सीक्रेट एजंट' ही कादंबरी घेतली, एकेक प्रकरण वाचून द्या असं आवाहन केलं आणि अनोळखी लोकांनी ती प्रकरणं वाटून घेतली. हे त्यांचं पहिलं पुस्तक. आज त्यांच्या यादीत २०,००० हून अधिक नोंदी आहेत आणि त्या कितीतरी भाषांतल्या आहेत. वाचायचा मजकूर बहुतेक वेळा प्रोजेक्ट गुटेनबर्गमधून येतो. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला हा ई-पुस्तकांचा मूळ प्रकल्प. ध्वनिफिती राहतात इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल संग्रहालयात. म्हणजे एकानं टंकलं, दुसऱ्यानं वाचलं, तिसऱ्यानं सांभाळलं, आणि हे तिघंही एकमेकांना कधी भेटलेले नसतात. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

आता विनोदाकडे येतो. जेरोम के. जेरोम यांचं 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) इथल्या अनेकांनी वाचलेलं असेल. लेखकाला खरं तर थेम्स नदीच्या प्रवासाचं माहितीपर पुस्तक लिहायचं होतं, पण विनोदानं सगळा ताबा घेतला. त्यात अननसाच्या डब्याचा प्रसंग आहे. भूक लागलेली, डबा समोर, आणि डबा उघडायचं हत्यार घरी राहिलेलं. मग खिशातला चाकू, कात्री, नावेचा आकडा, दगड आणि डोलकाठी असं एकेक करून बघतात. हा प्रसंग मी दोन वेगवेगळ्या स्वयंसेवकांच्या आवाजात ऐकलाय. पहिला वाचक प्रत्येक वाक्याला आवाज चढवत होता. हसू यायला हवं तिथे तो स्वतःच आधी हसून मोकळा व्हायचा. दुसऱ्यानं तोच मजकूर अपघाताचा पंचनामा वाचावा तसा वाचला. सरळ, गंभीर, कुठेही घाई नाही. डब्याच्या पत्र्यावर पोचा पडल्यावर तो किंचित थांबला आणि पुढचं वाक्य तितक्याच शांतपणे उचललं. मी इस्त्री करत होतो. बाजूला ठेवावी लागली.

कागदावर विनोद वाचताना थांबायचं कुठे हे आपण ठरवतो. ऐकताना ते वाचणारा ठरवतो. म्हणून विनोदी पुस्तक ऐकणं हा वाचनापेक्षा निराळाच अनुभव आहे आणि चांगला स्वयंसेवक सापडला की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक समोर बसून बोलायला लागतं.

नव्यांसाठी एकच सूचना. एका पुस्तकाच्या बऱ्याचदा दोन-तीन आवृत्त्या असतात, कारण कोणी आधी वाचलं म्हणून दुसऱ्याला मनाई नसते. सुरुवात एकाच वाचकानं पूर्ण वाचलेल्या आवृत्तीनं करा. आवाज आवडला तर वाचकाच्या नावावर टिचकी मारा, त्यानं वाचलेलं बाकी सगळं समोर येतं. मी पुस्तकांपेक्षा आवाजांच्या मागे जाऊनच जास्त पुस्तकं ऐकली आहेत.

तुम्ही काय ऐकलंय, काय आवडलं, काय खटकलं, सगळं लिहा. कोणाला स्वतः वाचायचं असेल तर जरूर विचारा, त्यासाठीच मुख्यतः हा धागा आहे.

मेघवेडी

धाग्यासाठी मनापासून आभार. आमच्या घरात याचं मोल फार आहे म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांची नजर सहा वर्षांपूर्वी मधूनच जायला लागली. कडेचं दिसतं, बरोबर समोरचं दिसत नाही. आयुष्यभर वाचलेला माणूस. भिंगं आणली, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणली, पण चार ओळींत थकायचे आणि पुस्तक मिटून उशाशी ठेवायचे. मिटलेल्या पुस्तकावर ठेवलेला तो हात मला बघवायचा नाही.

मग भावानं लिब्रिव्हॉक्सवरून काही इंग्रजी पुस्तकं उतरवून एका साध्या बटणांच्या फोनमध्ये कार्डावर टाकून दिली. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी आणि नावात क्रमांक असतो, त्यामुळे तो जुना फोनही बरोबर ओळीनं वाजवतो. बाबांना स्मार्टफोन जमत नाही, त्यांना बोटाला लागणारं बटण हवं असतं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी हे जरूर करून बघा.

प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वाचक सांगतो की हे ध्वनिमुद्रण सार्वजनिक मालकीचं आहे, तुम्हालाही सहभागी व्हायचं असेल तर संकेतस्थळाला भेट द्या. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. बाबा आता ते वाक्य वाचकाबरोबर म्हणतात, शब्द न् शब्द. मध्यरात्री त्यांच्या खोलीतून आधी ते वाक्य ऐकू येतं आणि थोड्या वेळानं हसू.

पानोपानी

विषय चांगला आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. दोन कादंबऱ्या ऐकायला घेतल्या आणि दोन्ही सोडल्या. पहिलीत दर प्रकरणाला नवा आवाज. नायिका तिसऱ्या प्रकरणात एक बाई होती, चौथ्यात पुरुष, पाचव्यात कोणीतरी इतक्या घाईत वाचत होतं की श्वास घ्यायलाही थांबत नव्हतं. दुसरीत मागे पंख्याची घरघर. फुकट आहे हे मान्य, पण माझा वेळ फुकट नाही. मोठ्या लेखकाचं पुस्तक असं ऐकून त्याच्याबद्दलच गैरसमज होतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कानसेन

पानोपानी, तुमचं म्हणणं खोटं नाही. मीही अर्धवट सोडलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. असं का होतं ते सांगतो.

तिथे आवाजाची निवड-चाचणी नसते. एक मिनिटाचा नमुना द्यावा लागतो, पण त्यात फक्त तांत्रिक बाजू बघतात : आवाजाची पातळी, खरखर, फाइलचा प्रकार. वाचन कसं आहे याला गुण नाहीत. नंतर प्रत्येक प्रकरण दुसरा स्वयंसेवक ऐकून तपासतो. वाक्य दोनदा आलंय का, काही गळलंय का, मध्येच लांब शांतता किंवा आवाज आहे का, एवढंच तो बघतो. उच्चार कुठल्या प्रांताचा, ढब कशी, यावर न विचारता बोलायचं नाही असा तिथला शिरस्ता आहे.

हे दार इतकं उघडं ठेवल्यामुळे काही कच्चं वाचनही आत येतं. पण त्याच उघड्या दारातून ती माणसंही आली, ज्यांना कुठल्या स्टुडिओनं कधी बोलावलं नसतं आणि ज्यांचं वाचन मी आज पैसे देऊनही ऐकेन. पहिल्या पुस्तकात अडखळणारा वाचक दहाव्या पुस्तकात कसा खुलतो हे मी ऐकलंय. पहिल्यावरच त्याला परत पाठवला असता तर दहावं झालंच नसतं.

निवडताना मी एक करतो. पहिलं प्रकरण न ऐकता मधलं एखादं प्रकरण पाच मिनिटं ऐकतो. पहिल्या प्रकरणात वाचक बिचकलेला असतो, मधल्यात त्याची खरी चाल कळते. नाही पटलं तर दुसरी आवृत्ती.

एक विनंती मात्र आहे. आर्काइव्हवर या पुस्तकांखाली लोक अभिप्राय लिहितात आणि काही फार बोचरे असतात. नाही आवडलं तर बंद करावं. ज्यानं रात्री जागून आठ तासांचं पुस्तक वाचून दिलं त्याच्या आवाजाला नावं ठेवू नयेत.

पानोपानी

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. मी तसं काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. मधलं प्रकरण ऐकायची युक्ती करून बघतो.

बोटवाचक

जन्मांध आहे, ब्रेल आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही वापरतो. हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे म्हणून थोडं मागचं सांगतो.

बोलकी पुस्तकं मुळात आमच्यासाठी जन्माला आली. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दृष्टिहीनांसाठी तबकड्यांवर पुस्तकं यायला लागली. ब्रिटनमध्ये १९३५ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचं वाचन बसायचं. एक कादंबरी म्हणजे तबकड्यांची चळतच यायची घरी. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना मोठ्या वयात ब्रेल शिकणं जड जात होतं, त्यांचा विचार यामागे होता.

मराकेश करार २०१३ मध्ये झाला. स्वामित्वहक्क असलेलं पुस्तकही दृष्टिहीनांसाठी सुलभ रूपात आणता येईल आणि एका देशातून दुसऱ्या देशात देता येईल अशी वाट त्यानं मोकळी केली. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. हे फार मोलाचं काम आहे. पण त्या सोयीसाठी सभासद व्हावं लागतं, प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते पुस्तक मी माझ्या डोळस मित्राला ऐकायला देऊ शकत नाही. लिब्रिव्हॉक्सवर मला कोणी विचारत नाही की तुला दिसतं का. तिथे मी नुसता श्रोता असतो. मित्र आणि मी एकच पुस्तक, एकच आवाज ऐकतो आणि मग त्यावर भांडतो. ही बरोबरी माझ्यासाठी फार मोठी आहे.

आता कोणीतरी विचारेलच की यंत्राचा आवाज इतका सुधारलाय, मग माणसानं वाचायचं कशाला? बातम्या, नियमावल्या, पत्रं मी यंत्रावरच ऐकतो आणि तेही इतक्या वेगानं की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विनोदी मजकूर यंत्र वाचतं तेव्हा वाक्याचं वजन कुठल्या शब्दावर पडायला हवं हे त्याला समजलेलं नसतं. सगळे शब्द शुद्ध येतात आणि गंमत निसटते. मग मी ते वाक्य मागे नेऊन मनातल्या मनात स्वतःच्या आवाजात पुन्हा वाचतो. म्हणजे काम दुप्पट.

खटपट्या

बोटवाचक, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

यंत्राच्या आवाजाबद्दल थोडी भर. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्गनं मायक्रोसॉफ्ट आणि एमआयटीतल्या संशोधकांबरोबर सुमारे ५,००० पुस्तकं यंत्राच्या आवाजात फुकट उपलब्ध करून दिली. लिब्रिव्हॉक्स मात्र माणसांनी वाचलेलंच घेतं. दोन्ही राहू देत. ज्या पुस्तकाला शंभर वर्षांत एकही वाचक भेटणार नाही ते यंत्रानं वाचलेलं बरं.

एक गोष्ट मात्र फार लोकांना माहीत नसते. बोललेलं ओळखून त्याचा मजकूर करणारी जी तंत्रं आज फोनाफोनांत आहेत, त्यांच्या संशोधनात 'लिब्रिस्पीच' नावाचा संच वर्षानुवर्षं वापरला गेला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे १,००० तासांचं इंग्रजी वाचन आणि त्याचा जुळवलेला मजकूर. हे सगळे तास लिब्रिव्हॉक्सच्या स्वयंसेवकांचे आहेत. वाचलेलं पुस्तक आधीपासून छापील रूपात होतं आणि ध्वनिमुद्रण सार्वजनिक मालकीचं, म्हणून हे करता आलं. पानोपानींना खटकलेली ती घाई, ते निरनिराळे उच्चार यंत्राला माणसांचं खरं बोलणं शिकवायला उपयोगी पडले.

अवांतर : मी स्वतः या क्षेत्रात काम करतो. पहिल्यांदा तो संच उघडला तेव्हा दिवसभर काम सोडून नुसता ऐकत बसलो होतो.

मेघवेडी

खटपट्या, हे वाचून आनंदही झाला आणि थोडं दुखलंही. त्या माणसांनी एखाद्या म्हाताऱ्या श्रोत्यासाठी वाचलं, आणि त्यातून मोठमोठ्या कंपन्यांनी फायदा करून घेतला. त्यांना विचारलं तरी होतं का कोणी?

टंकलेखक

मेघवेडीताई, विचारायची गरज नव्हती. सार्वजनिक मालकी म्हणजे नेमकं हेच. लिब्रिव्हॉक्सचा वाचक आपल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्ण सोडतो. ते कोणीही ऐकावं, कापावं, चित्रपटात वापरावं, सीडी करून विकावं, सगळ्याला मुभा. एका ॲपवाल्यानं मी वाचलेलं प्रकरण पैसे घेऊन ऐकवलेलं मला सापडलं. दोन दिवस फार त्रास झाला. मग विचार केला की नियम वाचून, समजून मी ते सोडलं होतं. पाणपोई घातली की कोण पितोय ते बघत बसायचं नाही. ज्याला हे मनापासून पटत नसेल त्यानं मात्र तिथे वाचू नये, स्वतःच्या अटींवर वेगळीकडे ठेवावं. त्यात कमीपणा नाही.

आता हक्काचा विषय निघालाच आहे तर नीट लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त घोळ होतात.

लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा कायदा धरून चालतं. तिथे जुन्या छापील पुस्तकांचा हिशोब ढोबळमानानं प्रकाशनापासून ९५ वर्षांचा. दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाची पुस्तकं मोकळी होतात. मध्ये कायदा बदलल्यामुळे ही प्रक्रिया वीस वर्षं थांबली होती, १ जानेवारी २०१९ ला पुन्हा सुरू झाली आणि त्या दिवशी १९२३ ची पुस्तकं मोकळी झाली.

भारतात हिशोब लेखकाच्या मृत्यूपासून. मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं. म्हणून एकच पुस्तक एका देशात मोकळं आणि दुसऱ्यात बंद असू शकतं. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस १९७५ मध्ये गेले. त्यांची सुरुवातीची पुस्तकं अमेरिकेत मोकळी आहेत म्हणून लिब्रिव्हॉक्सवर ऐकायला मिळतात, पण भारतात त्यांचा हक्क २०३५ संपेपर्यंत आहे. आपल्या देशातला कायदा आपण तपासून घ्या, असं लिब्रिव्हॉक्सही सांगतं.

मराठीचं बघायचं तर राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये. दोघंही केव्हाच मोकळे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे भारतात १ जानेवारी २०२४ पासून मोकळे. पण त्यांची ९५ वर्षं न झालेली पुस्तकं अमेरिकेच्या कायद्यानं चालणाऱ्या ठिकाणी देता येणार नाहीत. आचार्य अत्र्यांसाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबायचं. पु. लं.साठी २०६१ उजाडावं लागेल, त्यांचे लेख मोकळे समजून वाचून चढवू नका.

आणि भाषांतर. मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. रशियन कथा मोकळी, तिचा पन्नास वर्षांपूर्वीचा मराठी अनुवाद मोकळा नसण्याचीच शक्यता जास्त. नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना आणि टीपाही तशाच. शक्यतो जुनी छापील प्रत समोर ठेवून वाचावं. मराठी विकिस्रोतावर बरंच जुनं साहित्य आहे, तिथून मजकूर घेता येतो.

कानसेन

पाणपोईचं पटलं. टंकलेखक, हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवायला हवा.

झुळूक

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मला वाचायचं आहे. शाळेत माझं वाचन चांगलं होतं, मुलं लहान असताना रोज रात्री वाचून दाखवायचे, आता ती मोठी झाली आणि घरात मोठ्यानं वाचणं थांबलं. पण तांत्रिक बाजूची भीती वाटते. लॅपटॉप आहे, स्टुडिओ वगैरे काही नाही. कानसेनदादा, अगदी पहिलीपासून सांगाल का?

कानसेन

झुळूक, स्वागत. मुलांना वर्षानुवर्षं वाचून दाखवलंय म्हणजे अवघड भाग तुम्हाला येतोच आहे. उरलेला भाग आठवडाभरात जमतो.

माइक : लॅपटॉपचा आतला नको, तो यंत्राचीच घरघर पकडतो. यूएसबीला लागणारा साधा माइक पुरतो. तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा तिरका ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका सरळ त्यावर बसत नाही.

जागा : माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. दार उघडायचं, लटकणाऱ्या कपड्यांकडे तोंड करून बसायचं, पाठीमागे खुर्चीवर जाड पांघरूण. कापड आवाज पितं, मोकळी भिंत तो परत फेकते. पंखा बंद, फोन विमान मोडवर. पहिल्या मिनिटात नुसतं शांत बसून ध्वनिमुद्रण करा आणि हेडफोन लावून ऐका. घरात किती आवाज असतात हे तेव्हा कळतं.

सॉफ्टवेअर : ऑडॅसिटी, फुकट आहे. फाइल एमपी३, १२८ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास, ती मोजून देणारं साधन तिथेच मिळतं. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद शांतता आणि शेवटी पाच सेकंद. हे एकदा लावून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही.

चुका होणारच. चूक झाली की थांबू नका, एक टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून घ्या. नंतर पडद्यावर टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो, मागचं तेवढं कापायचं. चुकलेला एक शब्द मध्येच जोडायला जाऊ नका, सूर जुळत नाही आणि ठिगळ कानाला कळतं. तासाभराच्या वाचनाला माझे कापाकापीसह चार तास जातात. सवयीनं कमी होतील म्हणतात, माझे झालेले नाहीत.

विनोदी मजकुराचं वेगळं सांगतो. दुसऱ्याच पुस्तकात मी एक मोठी चूक केली होती. वाचताना मी जागोजागी थांबलो होतो आणि लांबलचक शांतता बऱ्या दिसत नव्हत्या. ऑडॅसिटीत शांतता आखूड करायची सोय आहे. ती मी आख्ख्या प्रकरणावर फिरवली. बावीस मिनिटांचं प्रकरण एकोणीस मिनिटांचं झालं, नेटकं वाटलं, पाठवून दिलं. माझं तपासणाऱ्या बाई फार अनुभवी. त्यांनी लिहिलं, "तांत्रिक दोष एकही नाही, स्वीकारतेय. पण विचारायची परवानगी असेल तर विचारते : तुम्ही वाचताना असंच वाचलं होतं का?" मी मूळ फाइल आणि पाठवलेली फाइल शेजारी शेजारी लावून ऐकल्या. कुत्र्याचं मत विचारलं, असं एक वाक्य होतं. त्यानंतर मी दीड सेकंद थांबलो होतो. मग पुढचं वाक्य. ते दीड सेकंद गेले होते आणि त्यांच्याबरोबर कुत्राही गेला होता. नुसते शब्द उरले होते.

सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. तेव्हापासून शांततेला मी हातानंच हात लावतो, यंत्रानं नाही. पुस्तकाच्या प्रतीवर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारतो : एक रेघ श्वासाची, दोन रेघा ऐकणाऱ्याला हसायला दिलेल्या वेळेच्या. दोन रेघांच्या जागी मनात एक आकडा मोजतो. आणि चेहरा सरळ ठेवतो. हसरा चेहरा आवाजात ऐकू येतो, मग ऐकणाऱ्याला आपलं हसू उसनं वाटायला लागतं.

बोटवाचक

कानसेन, तुमच्या तपासणाऱ्या बाईंना माझा नमस्कार पोचवा. ते दीड सेकंदच आम्ही ऐकत असतो.

झुळूक, माझीही एक विनंती. पात्रांचे वेगवेगळे आवाज काढलेच पाहिजेत असं समजू नका. जमत असतील तर काढा, पण ते शेवटपर्यंत तसेच टिकवावे लागतात. मला आवाजापेक्षा वेगातला फरक पुरतो. एक माणूस सावकाश बोलतो, दुसरा तोडून, एवढ्यावर मला दोन चेहरे दिसतात.

पानोपानी

परत आलोय. सगळ्यांनी मिळून वाचलेली कादंबरी मला अजूनही नको, मत बदललेलं नाही. पण छोट्या विनोदी कथांचे संग्रह अनेकांनी वाचलेले ऐकले आणि तिथे वेगवेगळे आवाज उलट बरे वाटले. प्रत्येक कथेला आपला माणूस. साकी या ब्रिटिश लेखकाच्या दोन-दोन पानांच्या कथा ऐकल्या. शेवटच्या एका वाक्यात सगळं उलटतं आणि वाचक तिथे घसरला तर कथाच गेली. एका बाईंनी ते शेवटचं वाक्य असं काही खाली ठेवलं, कपबशी ठेवावी तसं, की तीच कथा मी लगेच पुन्हा लावली.

कादंबरी एकट्याची, कथा अनेकांच्या. माझ्यापुरता हा नियम झाला.

झुळूक

तीन आठवडे झाले, कळवायला आले. पहिला नमुना परत आला : आवाजाची पातळी ८४ आणि मागे बारीक गुणगुण. शोधलं तर भिंतीपलीकडचा फ्रिज. कपाटाची खोली बदलली, दुसऱ्यांदा पास झालं. मग एक अकरा मिनिटांचा विनोदी निबंध घेतला. सोळा टाळ्या वाजल्या. काल तपासणीचं उत्तर आलं : ६:४२ ला एक वाक्य दोनदा आलंय, बाकी उत्तम. ते कापून पाठवलं आणि आज सकाळी यादीत माझं नाव दिसलं. थोरल्या लेकाला दुवा पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आई, झोपायच्या वेळचा आवाज."

आता मराठी वाचायची फार इच्छा आहे. एकटीनं नाही, इथल्या कोणाबरोबर.

कानसेन

अभिनंदन झुळूक! मराठीचं माझ्याही मनात आहे. टंकलेखकांनी वर लिहिलंय तसे गडकरी पूर्ण मोकळे आहेत. त्यांनी बाळकराम या नावानं लिहिलेले विनोदी लेख घेऊ या. वाक्यं लांब आहेत, श्वासाची परीक्षा आहे, शब्दांवरच्या कोट्या जपून वाचाव्या लागतील. पण ते लेखन कानासाठीच आहे असं मला मोठ्यानं वाचताना दर वेळी वाटतं. मजकूर टंकलेखकांनी जुन्या प्रतीशी ताडून द्यावा. पहिला लेख मी घेतो, दुसरा झुळूक. तपासायला कोणीतरी लागेल, आणि मी वाचलेलं मीच तपासून चालणार नाही.

टंकलेखक

जुनी प्रत माझ्याकडे आहे. पहिल्या लेखाचा मजकूर रविवारपर्यंत देतो.

पानोपानी

तिसरा मी घेतो. माइक मागवलाय.

मेघवेडी

तपासनीस मिळाला. बाबांना हा सगळा धागा संध्याकाळी वाचून दाखवला. म्हणाले, गडकऱ्यांचे ते लेख कॉलेजात आम्ही एकमेकांना वाचून दाखवायचो, निम्मे अजून तोंडपाठ असतील. त्यांना पान दिसत नाही, म्हणून शब्द गळला तर मी प्रत बघून सांगेन, वाचणाऱ्याचं थांबणं चुकलं तर ते सांगतील. त्यांनी दोन अटी घातल्यात : फाइल त्यांच्या बटणांच्या फोनवर चालली पाहिजे, आणि कानसेनांनी शांतता कापू नयेत.

कानसेन

काकांना सांगा, दोन्ही अटी मान्य. पहिली फाइल पुढच्या शनिवारी पाठवतो.